नेच्यांचे अभ्यासक फादर ब्लॅटर

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की सह्याद्रीच्या कडेकपारी हिरव्यागार होतात. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या दगडांच्या फटींतून, जुन्या विहिरींच्या भिंतींतून आणि शेवाळलेल्या झाडांच्या खोडांवरून नाजूक, कातरलेली पाने डोकावू लागतात. कोवळेपणी ही पाने आतल्या बाजूस सुरळीसारखी गुंडाळलेली असतात व वाढताना हळूहळू उलगडत जातात. या वनस्पतींना कधी फूल येत नाही व फळही धरत नाही. त्यांनाच नेचे म्हणतात.

फूल नसल्यामुळे नेच्यांकडे माणसाचे लक्ष सहसा जात नाही. वाटसरू त्यांना तुडवून पुढे जातो आणि फुलांचा शोध घेणारा अभ्यासकही पुष्कळदा त्यांना ओलांडून जातो. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका महाविद्यालयात मात्र असे एक अध्यापक होते की ज्यांनी या उपेक्षित वनस्पती गोळा केल्या, तपासल्या, त्यांची योग्य नावे निश्चित केली आणि ते सारे ज्ञान एका ग्रंथात मांडले. त्यांचे नाव फादर एथेलबर्ट ब्लॅटर.

ब्लॅटर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील रेबश्टाइन या गावी १५ डिसेंबर १८७७ रोजी झाला. तरुणपणीच त्यांनी धर्मसेवा व विद्यादान यांना वाहून घेण्याचे ठरविले आणि ख्रिस्ती धर्मगुरूंच्या येशू संघात प्रवेश केला. त्या काळी स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेने या संघाच्या कार्यास बंदी घातली होती. ती बंदी पुढे १९७३ मध्ये उठली. त्यामुळे संघात जाऊ इच्छिणाऱ्या स्विस तरुणांना मायदेश सोडूनच शिक्षण घ्यावे लागे. ब्लॅटर यांनीही तोच मार्ग धरला. शिक्षणाचा एक टप्पा पुरा होताच संघाने त्यांना हिंदुस्थानात धाडले. १९०३ साली, ऐन पंचविशीत, ते मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयात अध्यापनासाठी दाखल झाले. येथील हवा, येथील भाषा व येथील झाडेझुडपे ही सारीच त्यांना नवी होती. परंतु नवेपणाने ते गोंधळले नाहीत. मुंबईच्या आसपासच्या खाड्यांच्या चिखलात उगवणाऱ्या खारफुटीच्या वनस्पतींचा त्यांनी अभ्यास आरंभिला आणि १९०५ साली त्यांवर लेखही प्रसिद्ध केला.

या अभ्यासात त्यांना एक मोठी उणीव जाणवली. एखादी वनस्पती ओळखायची, तर तिची पूर्वी ओळखलेल्या नमुन्याशी तुलना करावी लागते. हिंदुस्थानातील वनस्पतींचे कितीतरी मोलाचे नमुने लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात जाऊन पडले होते. झाड सह्याद्रीचे, पण त्याची खात्री करून घ्यावयाची साता समुद्रांपलीकडे! मुंबईच्या विद्यार्थ्याने काय करावे? आपल्या हातातील पान कोणते, हे जाणण्यासाठी त्याने विलायतेच्या टपालाची वाट पाहत बसावे काय? ही अडचण दूर करण्यासाठी १९०६ साली सेंट झेवियर महाविद्यालयात वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह उभारण्यास ब्लॅटर यांनी प्रारंभ केला.

असा संग्रह उभारणे हे चिकाटीचे काम असते. रानातून वनस्पती मुळासकट उचलावी लागते. ती टिपकागदांच्या घड्यांत नीट पसरून दाबून ठेवावी लागते. कागद ओले झाले की बदलावे लागतात. पावसाळी हवेत तर रोजच्या रोज. वनस्पती पुरती वाळली की ती जाड कागदावर चिकटवितात आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावतात. त्या चिठ्ठीवर गाव, तारीख, जागा आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही सुंदर असला, तरी शास्त्राच्या दृष्टीने तो मुका होय. तो कोठून आला, केव्हा आला, हे तो सांगू शकत नाही.

वनस्पतींच्या नावासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणासही वाटेल. आपल्या लोकांनी वनस्पतींना नावे दिलेली आहेतच, आणि ती मोठी सुरेख आहेत. काळ्याभोर, तकतकीत देठांच्या एका नाजूक नेच्यास आपण हंसराज म्हणतो. झाडांच्या खोडांना व खडकांना बिलगून वाढणाऱ्या एका नेच्यास बाशिंग म्हणतात. त्याला दोन प्रकारची पाने असतात. एक पाने आखूड, ताठ व तपकिरी असून ती खोडाशी उभी राहतात. त्यांच्या आड पालापाचोळा साठतो व त्यावर त्या नेच्याचे पोषण होते. दुसरी पाने लांब, हिरवी व खोलवर कातरलेली असतात. नवरदेवाच्या कपाळी शोभणाऱ्या बाशिंगाचे नाव या वनस्पतीला देणाऱ्या माणसाची दृष्टी खरोखर रसिक असली पाहिजे.

परंतु लोकांच्या नावांना एक मर्यादा असते. एकाच वनस्पतीस दहा कोसांवर दुसरे नाव मिळते आणि एकच नाव दोन निराळ्या वनस्पतींनाही लावले जाते. वैद्याने एक सांगावे आणि पानवाल्याने दुसरेच आणून द्यावे, असा घोटाळा त्यामुळे होऊ शकतो. हा घोटाळा टाळण्यासाठी स्वीडनचे थोर शास्त्रज्ञ कार्ल लिनिअस यांनी १७५३ साली प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे लॅटिन नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जणू घराण्याचे आडनाव. दुसरा शब्द जातीचा, म्हणजे त्या घराण्यातील एका व्यक्तीचे नाव. हे नाव जगभर एकच असते. बाशिंगाची कातरलेली पाने युरोपातील ओक वृक्षाच्या पानांसारखी दिसतात. म्हणून लिनिअस यांनी त्याच्या जातीस ओकपर्णी या अर्थाचे नाव दिले. त्यांनी त्याला पॉलिपोडियम या प्रजातीत बसविले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात जॉन स्मिथ या अभ्यासकाने त्याचे वेगळेपण पाहून त्याला ड्रायनेरिया या प्रजातीत नेले. अशा रीतीने आपले बाशिंग आज शास्त्रात ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया या नावाने ओळखले जाते. घराणे बदलले, पण व्यक्तीचे नाव कायम राहिले.

मुंबईत काही वर्षे काम केल्यावर धर्मशास्त्राचे उरलेले शिक्षण घेण्यासाठी ब्लॅटर युरोपात गेले. तेथेही त्यांनी वनस्पतींचा नाद सोडला नाही. क्यू येथील व लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील संग्रह त्यांनी अभ्यासले आणि एडन व अरबस्तान येथील वनस्पतींवर ग्रंथ सिद्ध केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पुन्हा मुंबईत आले. १९१७ साली त्यांनी आपले सहकारी फादर हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर व जैसलमेरच्या वाळवंटात प्रवास करून तेथील वनस्पतींचा शोध घेतला. १९१९ ते १९२४ या काळात ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. प्राचार्याच्या कामाचा व्याप किती मोठा असतो, हे सांगावयास नको. तरीही याच काळात त्यांनी नेच्यांचा प्रश्न हाती घेतला.

तो प्रश्न असा होता. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तो आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. परंतु त्यात केवळ फुले येणाऱ्या वनस्पतींचेच वर्णन होते. नेच्यांसाठी बेडम यांचे ग्रंथ होते. पण ते दक्षिण हिंदुस्थानासाठी व पुढे साऱ्या हिंदुस्थानासाठी लिहिलेले होते. खंडाळ्याच्या वा महाबळेश्वरच्या रानात नेचा उचलणाऱ्या विद्यार्थ्यास त्या अफाट पसाऱ्यातून आपला नेचा शोधून काढणे कठीण जाई.

शिवाय नेचे ओळखणे मुळातच अवघड असते. लिनिअस यांनी फुलझाडांचे वर्ग फुलांतील केसरांच्या मोजणीवरून पाडले होते. नेच्याला फूलच नाही. मग मोजावे काय? म्हणून त्यांनी नेच्यांना गुप्तपणे प्रजोत्पादन करणाऱ्या वनस्पतींच्या अखेरच्या वर्गात टाकले. युरोपातील सामान्य लोकांत तर अशी समजूत होती की, नेच्याला डोळ्यांना न दिसणारे बी असते आणि ते ज्याच्या हाती लागेल तो स्वतःच अदृश्य होतो! खरा प्रकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उघडकीस आला. नेच्याच्या पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके वा रेघा दिसतात. पुष्कळांना ती कीड वाटते. वास्तविक त्या सूक्ष्म पिशव्यांच्या राशी असून त्यांत धुळीसारखे बीजाणू असतात. बीजाणू ओल्या जमिनीवर पडला की त्यापासून नखाएवढे, हृदयाच्या आकाराचे, चपटे हिरवे पाते तयार होते. त्या पात्यावर नर व मादी पेशी तयार होतात, पाण्याच्या थेंबातून त्यांचा संयोग होतो आणि मग नवा नेचा जन्मास येतो. नेच्यांना ओल व सावली का प्रिय असते, याचे उत्तर यातच आहे.

पानांच्या पाठीवरील हे ठिपकेच नेच्यांची ओळख पटविण्याच्या कामी येतात. ठिपके गोल आहेत की लांबट? ते पानाच्या कडेला आहेत की शिरांच्या मधोमध? त्यांवर पातळ पडद्याचे आवरण आहे की ते उघडे आहेत? बाशिंगाच्या मोठ्या पानावर बाजूच्या शिरांच्या मध्ये गोल ठिपक्यांच्या दोन दोन ओळी असतात. हंसराजाच्या पानाची कड मात्र खाली दुमडलेली असते आणि त्या दुमडीखाली बीजाणूंच्या पिशव्या दडलेल्या असतात. अशा एकेका खुणेने निवड करीत गेले की अभ्यासक अखेर एका जातीपाशी येऊन पोहोचतो. त्यासाठी भिंग हाती हवे आणि मनात उतावीळपणा नको.

याच महाविद्यालयातील जे. एफ. डी'अल्मेडा हे ब्लॅटर यांना या कामी सहकारी म्हणून लाभले. डोंगरांवरील नमुने, जुन्या ग्रंथांतील वर्णने आणि पूर्वीच्या संग्राहकांच्या नोंदी यांचा मेळ घालण्याचे काम दोघांपुढे होते. ते वाटते तितके सोपे नसते. हंसराजाचेच उदाहरण घ्या. त्या काळच्या ग्रंथांत त्याच्या एका अगदी सामान्य जातीस अडिआंटम लुन्युलेटम म्हणत. लुन्युलेटम म्हणजे चंद्रकोरीसारखे. त्याच्या पर्णिका कोरीच्या आकाराच्या असतात, तेव्हा नाव शोभणारे होते. हे नाव १७६८ सालचे. परंतु लिनिअस यांनी १७५३ साली फिलिपाइन बेटांवरील म्हणून ज्या नेच्यास अडिआंटम फिलिपेन्से असे नाव दिले होते, तो नेचा हाच होय, असे अभ्यासकांनी ठरविले. आता कोणते नाव खरे मानावे? १९०५ साली व्हिएन्ना येथे जगातील वनस्पतिशास्त्रज्ञांची परिषद भरली होती. तिने लिनिअस यांचे १७५३ सालचे नामकरण हा आरंभबिंदू ठरविला. त्यापुढे जे योग्य नाव सर्वांत आधी प्रसिद्ध झाले असेल तेच ग्राह्य, असा नियम आहे. म्हणून चंद्रकोरीचे सुंदर नाव मागे पडले आणि सह्याद्रीत सर्रास उगवणारा आपला हंसराज शास्त्रात फिलिपाइन बेटांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. शास्त्रीय नाव म्हणजे वर्णन नव्हे. तो वनस्पतीचा कायमचा पत्ता असतो. पत्ता चुकला की त्या वनस्पतीविषयी पूर्वी कोणी काय लिहून ठेवले आहे, तेही हरवते.

ब्लॅटर व डी'अल्मेडा यांचा मुंबईच्या नेच्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९२२ साली मुंबईच्या तारापोरवाला प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केला. वर्णने होती, चित्रे होती आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणता नेचा कोठे सापडतो याच्या नोंदी होत्या. मुंबई इलाख्यातील विद्यार्थ्याला आता आपल्या रानातील नेचा आपल्याच प्रांताच्या ग्रंथात पाहता येऊ लागला.

त्या ग्रंथाची सीमा मात्र इलाख्याची सीमा होती. आजच्या महाराष्ट्राचा पूर्व भाग त्या काळी मध्यप्रांतात मोडत असे. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडच्या डोंगरात मोठ्या गुहा आहेत. गोंड समाजाचे ते पवित्र स्थान असून माघ पौर्णिमेला तेथे दूरदूरचे लोक यात्रेस जमतात. भोवती घनदाट जंगल आहे. परंतु असे प्रदेश ब्लॅटर यांच्या ग्रंथाच्या कक्षेत येत नव्हते. नेच्यांना इलाख्यांच्या सीमा ठाऊक नसतात. वारा त्यांचे बीजाणू कोठेही नेतो. म्हणून एका प्रांताचे काम संपले, तरी विषय संपत नाही. कचारगडच्या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने आज सावलीतील नेच्याचे पान उलटून पाहिले, तर त्यालाही त्याच खुणा तपासाव्या लागतील, तशीच चिठ्ठी लिहावी लागेल आणि तितकाच धीर धरावा लागेल. जगात नेच्यांच्या सुमारे १०,५०० जाती ज्ञात आहेत आणि त्यांत आजही नव्या जातींची भर पडत आहे.

नेच्यांच्या ग्रंथानंतर ब्लॅटर थांबले नाहीत. १९२६ साली हिंदुस्थान व सिलोन येथील ताडवर्गीय वृक्षांवर त्यांचा ग्रंथ निघाला. त्यानंतर काश्मीरच्या सुंदर फुलांवर त्यांनी दोन भागांत लेखन केले. सिंधू नदीच्या मुखाकडील प्रदेशातील वनस्पतींचे वर्णन त्यांनी चार्ल्स मॅक्कन व टी. एस. सबनीस या सहकाऱ्यांसह लिहिले. मॅक्कन यांच्याच साहाय्याने त्यांनी १९२६ पासून कुक यांच्या जुन्या ग्रंथातील माहितीची फेरतपासणी सुरू केली. ती मुंबईच्या निसर्ग-इतिहास मंडळाच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध होत राहिली. या मंडळाचे ते उपाध्यक्षही होते. आपल्या सहकाऱ्यांची नावे आपल्या नावाच्या जोडीने छापण्यात ब्लॅटर यांनी कधी कमीपणा मानला नाही. शास्त्राचे काम एकट्याचे नसते, हे त्यांच्या कित्येक पुस्तकांच्या पहिल्या पानावरच दिसते.

आयुष्याच्या अखेरीस ते पाचगणीस राहिले. तो डोंगराळ परिसर वनस्पतींच्या अभ्यासकास मोठी पर्वणीच होता. १९३२ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने त्यांना ब्र्यूल स्मृतिपदक दिले. या पदकाचे ते पहिलेच मानकरी होत. त्यानंतर दोनच वर्षांनी, २६ मे १९३४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी पाचगणी येथे देह ठेवला. ज्या पावसाची चाहूल लागताच नेचे जागे होतात, तो पाऊस त्या वेळी काही दिवसांवर आला होता.

त्यांचे पुष्कळ काम हातावेगळे व्हावयाचे होते. परंतु ते वाया गेले नाही. मुंबईच्या गवतांवरील त्यांचा व मॅक्कन यांचा ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला आणि भारतातील सुंदर वृक्षांवरील पुस्तक १९३७ साली निघाले. सेंट झेवियर महाविद्यालयातील संग्रहास त्यांचे नाव देण्यात आले. स्पेनहून आलेले फादर सांतापाव यांनी पुढे तो संग्रह जोपासला व वाढविला. आज त्यात लाखाहून अधिक नमुने जतन केलेले आहेत.

या नमुन्यांचे मोल काळ जातो तसे वाढत आहे. मुंबई वाढली, खाड्या बुजल्या, घाटांत रस्ते झाले, कित्येक ठिकाणचे जंगल नाहीसे झाले. शंभर वर्षांपूर्वी तेथे काय उगवत होते, हे कोणी सांगावे? वाळलेले ते पान आणि त्याच्या कोपऱ्यातील ती लहानशी चिठ्ठी यांचीच साक्ष त्या कामी उपयोगी पडते. एखादा नेचा आता तेथून नाहीसा झाला आहे, हे कळण्यासाठी तो पूर्वी तेथे होता याची नोंद कोणीतरी करून ठेवलेली असावी लागते.

वनस्पतीच्या शास्त्रीय नावापुढे ते देणाऱ्याचे नाव संक्षेपाने लिहिण्याची रीत आहे. ब्लॅटर यांनी ज्या वनस्पतींना नावे दिली, त्यांच्यापुढे ब्लॅट. अशी लहानशी खूण असते. स्वित्झर्लंडच्या एका गावात जन्मलेल्या या अध्यापकाने आयुष्याची ऐन उमेद मुंबईच्या खाड्यांत, राजस्थानच्या वाळूत आणि सह्याद्रीच्या ओल्या कपारींत वेचली. तुडवल्या जाणाऱ्या साध्या नेच्याजवळ थांबून, त्याचे पान उलटून, त्याची खरी ओळख करून घ्यावी असे त्यांना वाटले. आणि ती ओळख पुढच्यांना मिळावी म्हणून त्यांनी ती नीट लिहून ठेवली.